गोधडीवर पास

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते मला आजही नीट कळत नाही. सुलतानपूरच्या शाळेत चौथीपर्यंत बसले, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. त्यामुळे हे कधी कोणाच्या हाती लागलं तर चुका पोटात घालाव्यात. खरं तर कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही आणि बापूंबद्दल सांगितल्याशिवाय राहवतही नाही, म्हणून बसले. बापूंना एकदा दुकानासाठी पाटी लिहून दिली होती, 'जेवायला गेलो आहे' एवढीच. आमच्या वैशालीने तीत दोन चुका काढल्या. मी पाटी परत घ्यायला गेले तर बापू म्हणाले, "राहू दे. ओळ सरळ आहे ना? मंग झालं." सरळ ओळीवर त्या माणसाचा फार जीव.

बुलढाण्यात त्यांना सगळे भिंगवाले बापू म्हणत. कॅमेऱ्याची लेन्स कोणी पुढे केली की ते ती दोन्ही हातांनी घ्यायचे आणि आधी कानाला लावायचे. कडं हळूहळू फिरवून ऐकायचे. आत रेतीचा कण असला तर तो त्यांना ऐकू यायचा. मग नाकाशी नेऊन वास घ्यायचे, कारण बुरशी डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळते असं त्यांचं म्हणणं होतं. डोळा सगळ्यांत शेवटी. नवा माणूस हसायचाच. "बापू, लेन्स आहे ते, खरबूज नाही," असं एकजण म्हणाला होता. बापू म्हणाले, "खरबूज खराब निघालं तर तुये पैसे जातात बे. लेन्स खराब निघाली तर दुसऱ्याचं लगन जाते."

तरुणपणी ते स्वतः लग्नाचे फोटो काढत. गुडघे गेल्यावर बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांनी एका खोलीचं दुकान मांडलं. पासपोर्टचे फोटो आणि कॅमेऱ्यांची दुरुस्ती, असं ते दुकान होतं. त्यांची बायको वारली होती आणि एकुलती लेक जळगावला दिलेली होती. आमचं घर दुकानाच्या मागेच, मधे एक भिंत. पण बापूंची खरी ओळख निराळीच होती. कॅमेरा ज्या कंपनीचा असतो, त्याच कंपनीची लेन्स घ्यायची म्हटलं तर फार महाग पडते. म्हणून खेड्यापाड्यांतले फोटोवाले दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स घेतात. त्याही त्याच कॅमेऱ्याला बसतात आणि बऱ्याच स्वस्त असतात. पण त्यांतली कोणती चांगली आणि कोणती फसवणारी, हे विकणारा कशाला सांगेल? ते बापू सांगायचे. सगळ्या जिल्ह्यातून लोक यायचे. कोर्टात तारखेला आलेला माणूससुद्धा कागदांच्या पिशवीत लेन्स घेऊन यायचा. तपासायचे पैसे बापू घेत नसत, फक्त चहा. "पैसे घेतले की जीभ जड होते," म्हणायचे.

मी गोधड्या शिवते. एकदा मधल्या भिंतीवर एक गोधडी वाळत घातली होती. बाहेर आले तर बापू एक डोळा मिटून तिच्याकडे बघत उभे होते. आमचे हे तिथेच रिक्षा पुसत होते. मी पदर ओढून आत वळले.

"ही कोणं शिवली?" बापूंनी विचारलं.

"घरचीनं," हे म्हणाले.

"पट्टी लावून शिवली का?"

ह्यांना ठाऊक नव्हतं. मी दाराआडून म्हणाले, "नाही. नजरेनं."

बापूंनी एका ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मले एक पाहिजे. पांढरीवर काळा दोरा. उभ्या ओळी, आडव्या ओळी. एकही ओळ वाकली तर मी घेणार नाही."

"अशी गोधडी कोणी पांघरते का बापू?" हे हसले.

"पांघरते कोण? भिंतीवर टांगायची आहे. लेन्सची परीक्षा घ्यायले."

गोधडी जुन्या कापडाचीच करतात. जुन्या लुगड्याचं आटायचं ते आटून गेलेलं असतं, म्हणून कितीही धुतली तरी गोधडी आपला आकार सोडत नाही. बापूंना मात्र वरून कोरं पांढरं कापड हवं होतं. मी दाराआडूनच सांगितलं, "कोरं कापड धुतल्यावर आटते." ते म्हणाले, "धुणार कोण आहे बाई? तिच्यात कोण निजणार आहे?" तेही खरंच होतं. मी आत जुनी लुगडी घातली आणि वर कोरं कापड. पहिला टाका मी नेहमी लाल दोऱ्याचा घालते, ती माझ्या आईची सवय. त्या गोधडीलाही वरच्या कोपऱ्यात एक लाल टाका घातला. खालच्या बाजूला बापूंनी कापडाचे चार तुकडे लावून घेतले. कुंकवासारखा लाल, हळदीसारखा पिवळा, चुड्याचा हिरवा आणि एक गव्हाळ, माणसाच्या कातडीसारखा. "लग्नात याच्याबाहेरचा रंग कोणता असते, सांग," म्हणाले.

मग ती गोधडी दुकानाच्या भिंतीवर चढली. समोर तिवईवर कॅमेरा असायचा आणि तिवईचे पाय कुठे ठेवायचे त्याच्या खुणा फरशीवर रंगाने केलेल्या होत्या. येईल त्या लेन्सने त्याच जागेवरून गोधडीचा फोटो काढायचा, मोठा छापायचा आणि शेजारच्या भिंतीवर आधीच्या फोटोंच्या रांगेत चिकटवायचा. माझी ओळ लेन्सने सरळ ठेवली की वाकवली, कोपऱ्यातला टाका वेगळा दिसतो की धुरात गेल्यासारखा, हळदीचा पिवळा हळदीसारखाच आला की लिंबासारखा, हे सगळं त्यात उघडं पडायचं. "मधात तर सगळ्याच गुणाच्या असतात. कोपऱ्यात पाहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फोटोवाल्यांना त्या गोधडीचं आधी हसू आलं, मग ती त्यांच्या बोलण्यातच रुळली. बाजारात जुनी लेन्स विकताना माणूस शपथेवर सांगायचा, "गोधडीवर पास आहे."

लेन्सवरची इंग्रजी नावं मला वाचता यायची नाहीत. बापू माझ्यासाठी त्यांना कड्याच्या रंगावरून हाक मारू लागले आणि मग तीच नावं सगळ्यांची झाली. सोनेरी कड्याची अंधाऱ्या मांडवातही चांगला फोटो द्यायची, पण तिच्यात सगळं जरा पिवळं यायचं. "हळदीच्या दिवशी हिले घरी ठेवा, नवरी कावीळ झाल्यावानी दिसते," बापू सांगायचे. लाल ठिपक्याची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धारदार, पण वजनाला वीट, आणि फोकस करताना घर्र घर्र करायची, ते व्हिडिओत ऐकू यायचं. "मंगलाष्टकात चक्की चालू असल्यावानी," असं त्यांचं मत. अमुक एक चांगली आणि बाकीच्या टाकाऊ, असं मात्र ते म्हणत नसत. आधी विचारायचे, "तुयं काम काय? हळद, वरात, का नुसतं स्टेजवर रांगेत उभं करणं?" उत्तर मिळालं की त्या कामाची लेन्स सांगायची. आणि एकाच लेन्सवरून कंपनीला नाव ठेवायचं नाही. दुसरी तशीच आली तर बोलायचं.

कॅमेऱ्याच्याच कंपनीची ती सख्खी आणि बाहेरच्या कंपनीची ती सावत्र, असं बापू म्हणायचे. एकदा मी चहा घेऊन गेले होते, तेव्हा कोणी गिऱ्हाईक म्हणालं, "शेवटी सावत्र ते सावत्रच." मी दुसरेपणावर दिलेली. वैशाली माझ्या आधीच्या सवतीची, मी आले तेव्हा ती दाराला धरून उभी होती. माझ्या हातात कप होते आणि मी खाली बघत होते. बापूंनी त्या माणसाला सांगितलं, "सख्खी कंपनीही कोपऱ्यात धुरकट देते, या भिंतीवर लावून ठेवली आहे, पाहून घे. काम पाहून बोल, नातं पाहून नको बोलू." मग माझ्याकडे न बघता कप घेतला. वैशाली मला अजूनही मावशीच म्हणते. पण तापात ती माझंच नाव घेते.

कॅमेरा त्यांनीच माझ्या हातात दिला. हळदीला, डोहाळजेवणाला बायकाच बायका असतात. ओल्या हळदीत बसलेली नवरी पुरुष फोटोवाल्यापुढे आखडून बसते. अशा कामांना बापूंना कधीची एक बाई हवी होती. मी म्हणाले, मला लाज वाटते, लोकांपुढे उभं राहवत नाही. ते म्हणाले, "लाजाचंच असंन तर कॅमेऱ्यामागे लाज. तोंड झाकाले इतकी चांगली जागा दुसरी नाही." त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यावर मी शिकले. वर्षभरात शेजारपाजारच्या हळदींना जाऊ लागले. डोळ्याला कॅमेरा लावला की मला खरंच धीर यायचा. पण कॅमेराही त्यांचा आणि लेन्सही त्यांची, त्यामुळे मोठं काम आलं की मी नाही म्हणायचे. स्वतःची एक लेन्स घ्यायची म्हणून गोधड्यांचे पैसे बाजूला टाकत होते.

त्याच सुमाराला बाजारात हिरव्या कड्याची लेन्स आली. हलकी होती आणि सगळ्यांत स्वस्त. माझ्या पैशांत बसणारी ती एकच. तेव्हा माझी आई आजारी पडली आणि मी पावसाळाभर सुलतानपूरला राहिले. परत आले तेव्हा बापूंच्या भिंतीवर हिरवीचे दोन फोटो लागलेले होते आणि दोन्हींवर फुली होती.

"बाप्पा, ते नको घेऊ," बापू म्हणाले. "वरच्या कोपऱ्यात ओळ वाकवते. पयली आली ते पिंपळगाव राजाच्या रमेशची. म्हटलं, एखादी तशी निघते. मंग चिखलीवाल्याची आली. तेही तशीच. दोन्ही सारख्या म्हणजे कंपनीच तशी."

रमेशभाऊ तरुण फोटोवाला. लग्नसराईसाठी त्याने हिरवी नवीकोरी घेतली होती. बापूंचा शब्द ऐकून त्याने ती खामगावात निम्म्या किमतीला फुंकून टाकली आणि वर पैसे घालून सोनेरी घेतली. त्याचं ऐकून आणखी कितीजणांनी हिरवीचा नाद सोडला. बापूंनी नापास केलेली लेन्स जिल्ह्यात कोणी हातात धरत नसे.

मी त्या फोटोंकडे बघत राहिले. वाक होता खरा. वरच्या कोपऱ्यात चार-पाच ओळी खाली ओघळल्यासारख्या दिसत होत्या आणि त्यांच्या टोकाला माझा लाल टाका होता. दुसऱ्या तीन कोपऱ्यांत मात्र ओळी सरळ होत्या. लेन्स वाकवते तेव्हा चारही कोपरे सारखे वाकतात, हे बापूंनीच मला दाखवलं होतं. मला त्या ओळी ओळखीच्या वाटेनात. घरी येऊन भाकरी थापताना तेच डोळ्यापुढे. मग वाटलं, मला हिरवी घ्यायची आहे म्हणून मला असं दिसतंय का? माझ्याच मनात हाव आहे आणि मी बापूंना चुकीचं ठरवायला निघाले. त्यांनी मला बोट धरून शिकवलं. त्यांच्या शब्दावर जिल्हा चालतो. आणि मी कोण?

पण रमेशभाऊच्या लेन्सचं मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले, कप ठेवला आणि तिथेच उभी राहिले. बापूंनी दोनदा वर बघितलं.

"काय झालं? बोल."

मी फरशीवरच्या खुणांकडे बघून म्हणाले, "बापू, गोधडी उलटी टांगून पाहता का?"

"काऊन?"

मी फुलीच्या फोटोंतल्या लाल टाक्याकडे बोट केलं. बापू उठले. मी आणि ते दोघांनी गोधडी काढली आणि खालची बाजू वर करून पुन्हा टांगली. लाल टाका खाली आला. चिखलीवाल्याची हिरवी अजून दुकानातच पडून होती. तिनेच बापूंनी फोटो काढला आणि छापला. वरचा कोपरा सरळ होता. वाक खाली गेला होता, लाल टाक्याबरोबर. लेन्सचा दोष असता तर तो वरच राहिला असता.

बापूंनी गोधडी भिंतीवरून उतरवली आणि खाली अंथरली. गुडघे दुखत असतानाही खाली बसले आणि त्या कोपऱ्यावरून हात फिरवला. तिथे कापड आकसून चुण्या पडल्या होत्या. मग ते हळूच म्हणाले, "छत गळलं व्हतं पावसात. हा कोपरा भिजून पिवळा पडला. मी गरम पाण्यात सोडा टाकून तेवढाच कोपरा धुतला." आणि चुणी बोटांनी ताणत, "तू सांगतलं व्हतं. कोरं आटते म्हणून." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, म्हणून भिंतीवरची चुणी त्यांना दिसली नव्हती, आणि धुतल्यानंतर हिरवीशिवाय दुसरी लेन्स आलीच नव्हती. आधीचे सगळे फोटो आटण्याआधीचे होते. लेन्सची परीक्षा घेताना त्यांनी गोधडीची परीक्षा घेतली नव्हती.

मला वाटलं, आता ते चिडतील, नाहीतर मला घरी जा म्हणतील. त्यांनी भिंतीवरचे दोन्ही फुलीचे फोटो काढले. म्हणाले, "उद्या पिंपळगावले जायचं. तू अन् तुयी गोधडी दोघी चला."

"फोन करा ना," आमचे हे म्हणाले. "एवढ्या दूर कायले जाता?"

"नापास समोर बसवून केली. पासही समोरच झाली पाहिजे."

खामगावच्या एसटीत बापू मांडीवर गोधडी घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, एवढ्या उन्हात पांघरूण घेऊन कुठं चालले?" बापू म्हणाले, "माफी मागाले." कंडक्टरने दोन तिकिटं फाडून दिली.

रमेशभाऊच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. बापूंनी ती उठून जायची वाट पाहिली नाही. गोधडी उलगडली, आटलेला कोपरा दाखवला आणि म्हणाले, "लेन्स तुयी सरळ व्हती रमेश. वाकडी माही गोधडी व्हती."

रमेशभाऊने तो कोपरा चिमटीत धरून ताणून पाहिला. मग म्हणाला, "बापू, तुमच्या एका शब्दावर म्या ते निम्म्यात देऊन टाकली. घरात किती बोलणं खाल्लं, ठाऊक आहे का तुम्हाले?"

"म्हणूनच आलो. फोनवर सांगतलं असतं तर तू फोनवर हसला असता अन् मनात शिवी दिली असती. आता तोंडावर दे."

"शिवी कायले देऊ. पण पैसे तर गेलेच ना."

"ते माह्याकडे लागले," बापू म्हणाले. खिशातून लेन्स पुसायचं पिवळं फडकं काढलं, त्यात नोटा बांधलेल्या होत्या. "हे थोडे आहेत. बाकीचे असेच देत जाईन. एकदम माह्याच्यानं होत नाही."

रमेशभाऊ नको म्हणाला. बापू हलेनात. शेवटी त्याच्या बायकोने चहा आणला आणि म्हणाली, "घ्या ना आता. म्हातारा माणूस उभा आहे." त्याने नोटा घेतल्या आणि फडकं झटकून बापूंना परत दिलं. "हे लागंन तुम्हाले. पुढच्या वेळी कशात बांधान?" म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

पुढे बापू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आधी ही गोष्ट सांगायचे, मगच लेन्स हातात घ्यायचे. काहीजण मागे हसले. चिखलीवाला तोंडावर म्हणाला, "मंग आता आमी कोणावर भरोसा ठेवायचा?" बापू म्हणाले, "उलट्या गोधडीवर." तेव्हापासून प्रत्येक लेन्सचे दोन फोटो निघू लागले, एक सुलट्या गोधडीचा आणि एक उलट्या. मी नवी गोधडी शिवली, बापूंच्याच जुन्या धोतरांची. तिच्यात आटायचं काही राहिलेलं नव्हतं. लाल टाका याही वेळी घातला. हळूहळू हसणारे थांबले आणि येणारे वाढले. माणसं म्हणायची, बापू चुकला तर घरी येऊन सांगतो.

हिरवी मी घेतली. बापूंनी तीन आणून घेतल्या, तिन्ही कानाला, नाकाला आणि डोळ्याला लावल्या आणि त्यांतली एक निवडून दिली. तिच्यातही खोड आहेच. मांडवाचा मोठा दिवा समोर आला की फोटोत पांढरं धुकं पसरतं. पण हळद सकाळच्या उजेडात अंगणात होते, तिथे ती सोन्यासारखी चालते. रमेशभाऊने आपल्या लग्नाच्या कामांतल्या हळदी मला द्यायला सुरुवात केली. मी पिंपळगाव राजाला जायला निघाले की बापू पिवळ्या फडक्यात काही बांधून द्यायचे. मी ते पोचवायची आणि रमेशभाऊ फडकं परत द्यायचा. कधी नोटा चार असायच्या, कधी एक.

बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आणि वैशाली सोबत होतो. कोणती लेन्स बसवायची म्हणून डॉक्टरांनी विचारलं, इथली की बाहेरची, दोन्हींच्या किमती सांगितल्या. बापू म्हणाले, "दोन्हीचा कोपरा पाहाले भेटंन का?" डॉक्टर आधी बुचकळ्यात पडले. वैशालीला हसू आवरेना. शेवटी इथलीच बसवली. पट्टी सुटल्यावर घरी न जाता ते दुकानात आले आणि एक डोळा झाकून गोधडीपुढे उभे राहिले. चारही कोपरे पाहिले. मग म्हणाले, "कोपऱ्यातलाही टाका दिसते. पास." नंतर माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "तू इतकी लहान असशीन असं वाटलं नव्हतं."

एकट्याने राहवेना, तेव्हा लेक त्यांना जळगावला घेऊन गेली. दुकान आवरताना त्यांनी गोधडी माझ्या खांद्यावर टाकली आणि पिवळं फडकं हातात दिलं. "थोडेच राह्यले रमेशचे. तिकडून पाठवत जाईन," म्हणाले. एकदा पाठवलेही. मग थंडीत त्यांच्या लेकीचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. संध्याकाळी कोणाची तरी लेन्स कानाला लावून बसले होते.

आता लोक लेन्स घेऊन माझ्या दाराशी येतात. मला फार बोलता येत नाही, पण फार बोलावंही लागत नाही. गोधडी सुलटी टांगते, उलटी टांगते, फोटो समोर ठेवते. वैशाली कंपनीचं इंग्रजी नाव वाचून सांगते, आणि मी कड्याचा रंग बघून नाव ठेवते.

रमेशभाऊचे राहिलेले पैसे मी माझ्या हळदीच्या कामातून बाजूला काढले. बापूंच्या लेकीला सांगितलं नाही. हिरवी त्यांनी मला निवडून दिली, कॅमेरा शिकवला, आणि माझ्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाही. एवढं त्यांचं माझ्याकडे निघतच होतं.

परवा पिंपळगाव राजाला हळद होती. काम आटोपून रमेशभाऊच्या दुकानात गेले आणि पिवळं फडकं त्याच्यापुढे ठेवलं.

"हे काय ताई? बापू तर गेले ना."

"बापूंचंच आहे. शेवटचं. मोजून घ्या."

त्याने फडकं सोडलं, नोटा मोजल्या आणि गल्ल्यात ठेवल्या. मग कपाटातून एक नवी लेन्स काढून माझ्या हातात दिली. निळ्या कड्याची होती, मी पहिल्यांदाच बघत होते. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कानाला लावली. दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. रमेशभाऊ हसला नाही. मी कडं फिरवलं, मग वास घेतला, आणि म्हणाले, "गोधडीवर लावल्याशिवाय सांगत नाही. बुलढाण्याला पाठवा."

"पाठवतो," तो म्हणाला. त्याने त्या पिवळ्या फडक्याने निळ्या लेन्सची काच पुसली, फडक्याची घडी घातली आणि मला परत द्यायच्या ऐवजी आपल्याच कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली.

"फिटलं ताई," तो म्हणाला. "बापूचं सगळं फिटलं."